मदतनीस आम्ही निवडू, पगाराची तरतूद तुम्ही करा: खान्देशातल्या ग्रामपंचायतींना खुलं पत्र

प्रति,
सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. बऱ्याच गावांत हा पैसा वर्षाच्या शेवटी डोकी मोजून वाटला जातो. उत्पन्न १० लाख असेल तर ५० हजार होतात. गावात ४० दिव्यांग असले तर माणशी १,२५० रुपये. काठी टेकत बाजार करून येणाऱ्यालाही १,२५० आणि झोपेत कूस बदलायला दुसऱ्याचे हात लागणाऱ्या बाईलाही १,२५०. वाटप सारखं झालं म्हणून कुणी भांडत नाही, फाइल बंद होते.

हे पत्र त्या बाईबद्दल आहे. आम्ही मदतनीस ठेवून राहणारी माणसं आहोत. कुणाचा मणका मोडलेला, कुणाला स्नायूंचा आजार, कुणाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे अवयवांवर ताबा नसणं). उठणं, संडास, अंघोळ, कपडे, खुर्चीत बसणं, जेवण, यांतलं काही किंवा सगळंच दुसऱ्याच्या हातांनी होतं. ते हात घरच्यांचेच असले पाहिजेत असं गाव धरून चालतं. मग आईची कंबर जाते, बायकोची मजुरी बुडते, धाकट्या बहिणीची शाळा सुटते, आणि हा खर्च कुठल्याच कागदावर येत नाही.

आमचं मागणं एकच आहे. मदतनिसाच्या पगारासाठी पैसा द्या, तो दिव्यांगाच्या स्वतःच्या खात्यात द्या, आणि माणूस कोण ठेवायचा, त्याला काय शिकवायचं, कधी काढायचं हे त्या दिव्यांगावर सोडा. ग्रामपंचायतीनं एक बाई नेमून घरोघर पाठवली की काम झालं, असं होत नाही. ते का होत नाही, हे कळावं म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहीत आहोत.

माणूस ठेवणं खान्देशाला नवं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) ठरतो तेव्हा साल किती, उचल किती, कपडे-धान्य काय, सुट्ट्या कोणत्या, सगळं बोलून घेतात. मदतनिसाशीही तितकंच स्पष्ट बोलावं लागतं. फरक असा की सालदाराच्या हातून पाण्याची एक पाळी चुकली तर पीक थोडं मागे पडतं. मदतनिसाच्या हातून चुकलं तर अंगाला जखम होते आणि ती भरायला तीन-चार महिने जातात. म्हणून ज्याचं अंग, त्याचाच शब्द शेवटचा.

पहिलं काम माणूस शोधण्याचं नसून कामाची यादी करण्याचं असतं. ओळखीतून कुणीतरी येतं, ‘बघू, जमेल’ म्हणतं आणि आठव्या दिवशी येईनासं होतं. बहुतेक वेळा कारण हे असतं की संडासाचं काम आधी सांगितलेलंच नसतं. सात दिवस घड्याळ लावून प्रत्येक काम मिनिटांत लिहावं. मणक्याला इजा झालेल्या माणसाची सकाळ साधारण अशी निघते: लघवीची पिशवी रिकामी करणं ५ मिनिटं, संडास ४५ ते ६० मिनिटं, अंघोळ ३०, अंग तपासणं ५, कपडे २०, पलंगावरून खुर्चीत १०. म्हणजे दोन ते सव्वादोन तास सलग. दुपारी अर्धा-पाऊण तास, संध्याकाळी तासभर. रात्री कूस बदलायची, ती वेगळी. सगळं मिळून चार तास होतात, पण ते दिवसभर विखुरलेले. ‘चार तासांचं तर काम आहे’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही की दुपारच्या अर्ध्या तासासाठी माणसाला गाव सोडता येत नाही.

यावर चांगला चालणारा तोडगा म्हणजे दोन माणसं. सकाळच्याचं काम सहाला सुरू करून सव्वाआठपर्यंत संपवायचं, म्हणजे त्याची शेतातली मजुरी बुडत नाही. दुपार-संध्याकाळसाठी दुसरी व्यक्ती, शक्यतो शेजारपाजारची. शिवाय एक राखीव. राखीव माणसाला गरज नसली तरी महिन्यातून दोन दिवस बोलवून पैसे देऊन काम करायला लावायचं. न बोलावलेला राखीव सहा महिन्यांनी सगळं विसरलेला असतो, आणि नेमकं खाड्याच्या दिवशी ते उघडं पडतं.

शोधायचं कुठे? आशाताईंना आणि बचत गटांना घरोघरची माहिती असते. घरात म्हाताऱ्या माणसाचं अंथरुणातलं सगळं केलेली व्यक्ती बहुतेकदा उत्तम निघते. शहरातल्या एजन्सीचा माणूस महागात पडतो, कारण त्यात कमिशन असतं आणि पंधरवड्याला माणूस बदलतो. प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवावं लागतं. पुरुषाला पुरुष आणि बाईला बाईच हवी, हे गृहीत न धरता विचारावं. मात्र बाईनं बाईच मागितली तर त्यात तडजोड करायला कुणी सांगू नये.

बोलणी करताना आधी सगळ्यांत अवघड काम सांगायचं, सोपी नंतर. संडास, लघवीची नळी, पाळीच्या दिवसांतले कपडे यांचं नाव घेऊन, आडवळण न घेता. नाही म्हणायचं असेल तर माणूस तिथेच म्हणेल, आणि ते दोघांच्याही सोयीचं. मग तीन दिवसांची चाचणी, पूर्ण मजुरी देऊन. पहिल्या दिवशी फक्त बघायचं, दुसऱ्या दिवशी जुन्या माणसाबरोबर करायचं, तिसऱ्या दिवशी एकट्यानं, घरच्यांना खोलीबाहेर ठेवून. हा तिसरा दिवस महत्त्वाचा. आई खोलीत असली की नवा माणूस आईकडे बघून काम करतो. दिव्यांगाचं ऐकायची सवय त्याला लागतच नाही, आणि नंतर ती लावणं फार जड जातं.

आता उचलण्याबद्दल, कारण दोघांच्याही दुखापती इथेच होतात. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे तरुण ताकदवान असतात. पण घड ओढून खांद्यावर घेतात तसा माणूस घेता येत नाही. काखेत हात घालून वर ओढलं की लुळा खांदा सांध्यातून निसटतो. ६५ किलोच्या माणसाला एकट्यानं उचलूच नये. एक तर दोघांनी, नाहीतर सरकफळीवरून, म्हणजे पलंग आणि खुर्चीमध्ये टेकवलेल्या फळीवरून सरकवत. फळी गुळगुळीत, साधारण अडीच फूट लांब, कडा गोल घासलेल्या, मध्ये आधार नसताना वजनाला न वाकणारी अशी हवी. गावचा सुतार ती करून देतो. फळीच्या दोन्ही बाजू आणि कडा हातानं चाचपून घ्याव्यात. लाकडाचं एक कुसळ राहिलं तरी बधिर कातडीला ते कळत नाही.

व्हीलचेअर पलंगाला तिरपी लावायची, पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या) काढून ठेवायचे, खुर्चीचा पलंगाकडचा हात काढायचा, दोन्ही ब्रेक लावायचे. इथे एक बारीक गोष्ट कायम चुकते. हवेच्या टायरवर ब्रेक दाबून बसतो. हवा कमी असेल तर ब्रेक लावलेला दिसतो, पण चाक फिरतं आणि माणूस मधोमध पडतो. आपल्याकडे बाभळीचे काटे आहेत, हवा हळूहळू जातच राहते. म्हणून आठवड्यातून एकदा ब्रेक लावून खुर्ची ढकलून बघायची, हलली तर हवा भरायची. लघवीची पिशवी पलंगाच्या दांड्याला अडकवलेली असेल तर ती आधी काढायची. ती तशीच ठेवून उचललं की नळी ओढली जाते आणि लघवीतून रक्त येतं. ‘एक, दोन, तीन’ नेहमी दिव्यांगानं म्हणायचं. कधी उचललं जाणार हे त्याला माहीत असलं की तो मान आणि खांदे सावरतो.

कातडीची काळजी हा मदतनिसाच्या कामाचा गाभा आहे. पलंगावर दर २ तासांनी कूस, खुर्चीत दर अर्ध्या तासाला पुढे किंवा बाजूला झुकवून दोन मिनिटं वजन सोडवणं. रोज माकडहाड, बसायची दोन्ही हाडं, खुबे, टाचा आणि घोटे बघायचे. लाल डाग वजन काढल्यावर अर्ध्या तासात गेला नाही तर त्या बाजूवर टेकायचंच नाही. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून बघायचं: जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते. चोळायचं मात्र नाही. तेल लावून मालिश करावी असं घरातली वडीलधारी माणसं मायेनं सांगतात, पण आतली दुखावलेली कातडी चोळल्यानं आणखी फाटते.

हवेची गादी आली म्हणून कूस बदलणं थांबवता येत नाही. लाइट गेली की पंप बंद होतो, हवा उतरते आणि माणूस थेट फळ्यांवर येतो. त्याला ते जाणवत नाही, म्हणून तो ओरडतही नाही. गादीखाली चार इंची फोम कायम असावा, आणि लाइट गेली की गादी बघणं हेही मदतनिसाला काम म्हणून सांगितलेलं असावं.

उन्हाळा तर वेगळाच. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मणक्याला वरच्या भागात इजा असलेल्या माणसाला इजेखालच्या अंगाला घाम येत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्याची वाटच बंद असते. त्याला सावलीत बसवूनही ताप चढतो. ओला पंचा मानेवर आणि मांड्यांवर, पाण्याचा फवारा आणि पंखा, असं दुपारी ११ ते ५ चालू ठेवावं लागतं. मे महिन्यात टाकीच्या नळाचं पाणीही चटका देतं. पाय बधिर असतात, म्हणून अंघोळीचं पाणी मदतनिसानं स्वतःच्या कोपरावर घेऊन बघायचं. उन्हात राहिलेल्या व्हीलचेअरवर ओलं कापड फिरवल्याशिवाय बसवायचं नाही.

लघवीच्या नळीचं काम नर्सकडून शिकल्याखेरीज कुणी करू नये. कायमची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता, आणि दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामी. उचलताना पिशवी कमरेच्या वर गेली की लघवी उलटी फिरते आणि थंडी-ताप येतो. वेळोवेळी नळी घालून काढायची असेल तर ४ ते ६ तासांनी, एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर साचू न देता. आणि एक धोका प्रत्येक मदतनिसाला पहिल्याच आठवड्यात पाठ झाला पाहिजे. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, कपाळाला घाम फुटला, तर रक्तदाब झपाट्यानं वाढतो आहे. अशा वेळी घाबरून आडवं करतात. त्यानं दाब आणखी वाढतो. सरळ बसवायचं, पाय खाली सोडायचे, कपडे सैल करायचे, नळीला पीळ बसलाय का, पिशवी भरलीय का बघायचं. काही मिनिटांत उतरलं नाही तर लगेच दवाखाना.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावावं. वाचता न येणाऱ्या मदतनिसासाठी तेच अहिराणीत, पावरीत किंवा भिलीत बोलून त्याच्या मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यावं. सातपुड्यातून आलेली मुलं-मुली हे ऐकून फार चटकन शिकतात. प्रमाण मराठीतल्या सूचनांना नुसती मान हलते.

आता पैसे. गावात आठ तासांची मजुरी ४०० धरली तर तासाला ५०. चार तास, तीस दिवस, म्हणजे ६,०००. राखीव माणसाचे दोन दिवस ४००. महिन्याला ६,४००, वर्षाला ७६,८००. यात रात्रीचं काम धरलेलं नाही. पहाटेची वेळ आणि कामाचं स्वरूप बघता मजुरीपेक्षा दर थोडा जास्तच ठेवावा लागतो, कारण दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली की किलोवर पैसे मिळतात आणि मदतनीस तिकडे वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वेचणीच्या तीन महिन्यांत ठरलेला वाढीव भत्ता द्यावा आणि तो ठेवतानाच सांगावा. नंदुरबार-धुळ्याकडे दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. तिथे घरात थांबणारी व्यक्ती कोण, हे आधी विचारून मगच माणूस ठेवावा.

सुट्ट्यांचं पंचांग वर्षाच्या सुरुवातीलाच मांडायचं. आखाजीला बाई माहेरी जाणार. श्रावणात कानबाईच्या सणाला भाऊबंद एकत्र येतात, तेव्हा रोटाचा प्रसाद सोडून कुणी येणार नाही. सातपुड्यातला माणूस होळीच्या आठवड्यात गावी असणार. पोळा, दिवाळी, लग्नसराई. या दिवसांना ‘खाडा’ म्हणू नये. त्या पगारी सुट्ट्या. राखीव माणूस शक्यतो वेगळ्या समाजातला किंवा वेगळ्या सणांचा असावा, म्हणजे दोघं एकाच दिवशी गैरहजर राहत नाहीत. खाडा म्हणजे न सांगता न येणं, आणि त्याचा नियम एकच असावा: आदल्या रात्री आठपर्यंत फोन आला तर पैसे कापायचे नाहीत. पैसे कापायच्या धाकानं माणूस फोनच करत नाही, आणि इकडे दिव्यांग दहा वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहतो.

उचल एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त देऊ नये. फेड महिन्याला पाव पगाराच्या वर नसावी. मोठी उचल घेतलेला माणूस मन नसताना राहतो, आणि मन नसलेल्या हातांत अंग देणं धोक्याचं. उचलीच्या बदल्यात बांधून ठेवणं १९७६ च्या कायद्यानं गुन्हाही आहे. दोन वह्या ठेवाव्यात, एक दिव्यांगाकडे, एक मदतनिसाकडे; तारीख, तास, दिलेले पैसे, दोघांची सही किंवा अंगठा. अपघाती विमाही उतरवावा. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण. तो मालकानं, म्हणजे दिव्यांगानं भरावा.

घरच्यांनाही शिस्त लागते, आणि हे लिहिणं आम्हाला जड जातं. मदतनीस दोन महिन्यांत सुटला तर बरेचदा कारण घरचेच असतात. बसलेला दिसला की भांडी सांगतात, दळण सांगतात. दिव्यांग एक सांगतो, आई दुसरं. चहाचा कप वेगळा ठेवतात. ज्या हातांनी अंघोळ घातलेली चालते, त्या हातांचा कप वेगळा, हे माणूस विसरत नाही. सूचना एकाच तोंडून जाव्यात. मदतनिसाला बोलायचं असेल तर चारचौघांत न बोलता दार लावून बोलावं.

उलट बाजूही आहे. एटीएमचा पिन, मोबाइल, दाराची किल्ली मदतनिसाकडे जाते, आणि त्रास देणारा माणूसही कधी भेटतो. दिव्यांगावर हात उचलला, उपाशी ठेवलं, नको तिथे स्पर्श केला, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि कलम ९२ मध्ये ६ महिने ते ५ वर्षांपर्यंत कैद आहे. त्रास देणारा घरचा असला तरी हेच. अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर ‘मग करणारं दुसरं कोण मिळणार’ असं ग्रामपंचायतीत कुणी म्हणू नये. राखीव माणूस तयार असला की हा प्रश्न उरत नाही.

याच कायद्याच्या कलम ५ नुसार दिव्यांगाला अमुकच ठिकाणी राहायची सक्ती करता येत नाही. कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता हे शब्द स्पष्ट आहेत, आणि कलम ३८ मध्ये अशा आधारासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे. केरळात ‘आश्वासकिरणम’ योजनेत काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये दिले जातात. रक्कम लहान आहे, पण या कामाला पैसा लागतो हे तिथल्या सरकारनं कागदावर मान्य केलं आहे.

म्हणून पुढच्या अंदाजपत्रकात ५ टक्के निधीचा निम्मा भाग ‘मदतनीस भत्ता’ म्हणून बाजूला काढा. त्यामुळे बाकीच्या दिव्यांगांच्या वाट्याला कमी येईल, हे आम्ही लपवत नाही. ग्रामसभेत हे त्यांच्यासमोरच बोलू. ५० हजारांचे निम्मे २५ हजार एका माणसालाही वर्षभर पुरत नाहीत. उरलेल्यासाठी पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे ठराव पाठवा, त्यात कलम २४ आणि ३८ नावानिशी लिहा. नियमात बसतं का अशी शंका आली तर लेखी मार्गदर्शन मागवा, तोंडी नकारावर थांबू नका.

जीएसटीची पावती मागू नका. मदतनिसाकडे ती नसते. वहीची प्रत आणि बँकेतून गेलेल्या पगाराची नोंद पुरेशी माना. मदतनीस नात्यातला असावा किंवा नसावा, अशी अट कुठल्याही बाजूनं घालू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र देऊन वर्षातून दोनदा, अर्धा-अर्धा दिवस, नर्सकडून नळी, कातडी आणि उचलणं शिकवण्याची सोय करा. त्या दिवशी येणाऱ्यांची मजुरी या निधीतून द्या, नाहीतर कुणी येणार नाही. हे काम करायला तयार असलेल्या बायका-पुरुषांची यादी आशाताईंच्या मदतीनं करून ठेवा. यादी तुमची असेल, निवड आमची.

ठराव १ मेच्या ग्रामसभेत घ्या. त्या सुमारास आखाजी असते, गावात माणसं नव्या सालाची बोलणी करत असतात, आणि मदतनीसही तेव्हाच ठरवता येतो.

आपले,
खान्देशात मदतनीस ठेवून राहणारे आम्ही दिव्यांग